कुंडी भंडारा आणि घरातला कूलर

बुऱ्हाणपुरात १६१५च्या सुमारास, खानखाना अब्दुर रहीम यांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं गेलं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार! हवेसाठी आणि साफसफाईसाठी शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी तोंडं. हा कुंडी भंडारा मला फार मोलाचा वाटतो. आत उतरलं की भिंतींवर चुन्याचे थर दिसतात.

जड पाण्याचा असाच चुना कूलरच्या जाळीवर बसतो आणि गारवा कमी होतो. म्हणून दर आठवड्याला प्लग काढून टाकी रिकामी करा, घासा. डासांची अंडीही जातील. जाळीवर पांढरा थर दिसला तर ती बदला. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवाच, नाहीतर खोली दमट होते.