गाडीतली बाटली



सार्वजनिक वाहनात दारू पिण्यावर बंदी असावी का, असे विचारले तर अमरावतीत काय किंवा अकोल्यात काय, विरोधात हात वर करणारा सापडणे कठीण. ज्याच्या खिशात चपटी आहे तोही बंदीच्याच बाजूने बोलेल. तेव्हा त्या प्रश्नावर आपला वेळ घालवण्यात अर्थ नाही. मला मांडायचे आहे ते वेगळे आहे. ही बंदी आपल्याकडे एकदा नव्हे, निदान तीनदा झालेली आहे. पण तिचा नेम चुकलेला आहे, म्हणून ती गाडीत कधी चढतच नाही.

पहिला कायदा १९४९चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. विदर्भ १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५९च्या विस्तार कायद्याने हा अधिनियम वऱ्हाडालाही लागू झाला. त्यानुसार परवान्याशिवाय दारू पिणे हाच महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि परवाना असला तरी चारचौघांच्या जागी पिण्याची मुभा नाही. दुसरा कायदा रेल्वेचा, १९८९चा. त्याच्या १४५व्या कलमात नशेत असलेल्या प्रवाशाला डब्यातून उतरवता येते, त्याचे तिकीट जप्त होते, वर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तिसरी भारतीय न्याय संहिता. इंग्रजांनी १८६०च्या दंड संहितेत सार्वजनिक जागी झिंगून त्रास देणाऱ्याला दहा रुपये दंड ठेवला होता आणि तो दहा रुपयांचाच राहून २०२४पर्यंत चालला. आता ३५५व्या कलमाने तो एक हजारापर्यंत गेला आहे, आणि समाजसेवेची शिक्षाही देता येते. इतके सगळे पुस्तकात आहे. मोटार वाहन नियमांत एसटीच्या वाहकाला नशेतला प्रवासी उतरवण्याचा अधिकारही आहे.

आता हे पुस्तक गाडीत नेऊन बघू. अमरावतीहून परतवाड्यावरून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारी संध्याकाळची गाडी घ्या. आठवडी बाजाराचा दिवस, पिशव्यांनी भरलेली गाडी, मागच्या बाकावर दोघेजण कोल्ड्रिंकच्या बाटलीत पव्वा कालवून बसलेले. वास साऱ्या गाडीला येतो, पण बोलायचे कुणी? वाहकाने कायद्याने जायचे म्हटले तर तो माणूस नशेत आहे हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी गाडी ठाण्याला लावायची, वैद्यकीय तपासणी, रक्ताचा नमुना. दारूबंदी कायद्यात रक्तातील मद्याची मोजणी ०.०५ टक्क्यांवर येते. तोवर बाकीच्या प्रवाशांनी काय करायचे? बरे, उतरवून द्यायचे म्हटले तर परतवाड्याच्या पुढे मेळघाटचे व्याघ्रक्षेत्र लागते. अंधारात, जंगलात, तोल जाणाऱ्या माणसाला खाली सोडणारा वाहक मला तरी नको. म्हणून वाहक तिकीट फाडतो आणि पुढे सरकतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे; पण कायद्याने त्याच्या हातात हत्यारच असे दिले आहे की ते चालवले तर पहिली जखम त्याच्याच गाडीला व्हावी.

गोम इथे आहे. १९४९चा कायदा घरात, धाब्यावर आणि गाडीत विनापरवाना पिण्याला एकाच मापाने मोजतो. आणि जो नियम सगळीकडे राजरोस मोडला जातो, तो एकट्या गाडीत पाळला जाईल ही अपेक्षा भाबडी आहे. उरलेले दोन कायदे माणसाच्या अवस्थेला हात घालतात. अवस्था सिद्ध करायला डॉक्टर लागतो. उघडलेली बाटली सिद्ध करायला दोन डोळे पुरतात. म्हणून माझे म्हणणे असे की तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात: पिऊन गाडीत बसणे, बंद बाटली सोबत नेणे आणि गाडीत बाटली उघडणे. बंदी हवी ती तिसरीवर, पण ती निरपवाद.

प्यालेल्या माणसाला गाडीत घ्यायचे, हे ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडेल. पण त्याला नाकारले तर तो जातो कशाने? मित्राच्या मोटारसायकलवर, किंवा स्वतःच्या. चालकाच्या रक्तात शंभर मिलिलीटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य नको, असे मोटार वाहन कायदा सांगतो आणि २०१९पासून पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आहे. प्यालेला माणूस हँडलवर बसण्यापेक्षा गप्प बसून एसटीने गेला, तर त्यात रस्त्यावरच्या सर्वांचे भले आहे. त्याने त्रास दिला, शिवीगाळ केली, अंगावर गेला, तर तो गुन्हा निराळा आणि त्याला आजचे कायदे पुरेसे आहेत.

बंद बाटलीचेही तसेच. दिल्ली मेट्रोने जून २०२३मध्ये प्रत्येकी दोन सीलबंद बाटल्या नेण्याची परवानगी दिली आणि आवारात पिणे मना ठेवले. आपल्याकडे मात्र यात एक वऱ्हाडी अडचण आहे. बडनेऱ्याहून निघालेली गाडी चांदूर, धामणगाव करत वर्धा नदी ओलांडून पुलगावला पोचते आणि तिथे, वर्धा जिल्ह्यात, १९७५पासून दारूबंदी आहे. नदीच्या अलीकडची कायदेशीर बाटली पलीकडे गुन्हा होते. त्या मार्गावर पिशव्या तपासणे हे दारूच्या वाहतुकीविरुद्धचे काम आहे, ते पोलिसांनी जरूर करावे. पण त्याची गल्लत डब्यातल्या प्रवाशाच्या त्रासाशी करू नये. चोरटी खेप पकडली म्हणून शेजारच्या बाकावर चाललेली बैठक थांबत नाही.

लंडनने १ जून २००८पासून नेमके हेच केले. भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये पिणे बंद, आणि उघडी बाटली हातात धरणेही बंद. आदल्या रात्री तिथल्या तरुणांनी निरोपाची मेजवानी म्हणून गाड्यांत इतका धिंगाणा घातला की बंदीचे समर्थन वेगळे करायची गरज उरली नाही. स्कॉटलंडच्या रेल्वेने २०१२मध्ये आधी रात्री नऊ ते सकाळी दहा एवढीच बंदी घातली. घरोघरी दारू चालणारे हे समाज. त्यांनी दारूला पाप ठरवले नाही, फक्त गाडीला पिण्याची जागा मानायचे नाकारले.

मग स्वातंत्र्याचे काय, असा आक्षेप येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण बंदीचा दंडुका नेहमी स्वस्त तिकिटावर आधी पडतो. डेक्कन ओडिसीसारख्या आलिशान गाडीत बार असतो आणि जनरल डब्यातल्या मजुराने चपटी काढली की समाजाचा ऱ्हास! हा दुटप्पीपणा आहेच. पण उलट बाजूही बघा. देशांतर्गत विमानांत दारू दिली जात नाही आणि स्वतःची आणलेलीही पिता येत नाही. त्या महागड्या प्रवाशाने स्वातंत्र्यासाठी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात मद्यधुंद प्रवाशाने वृद्ध सहप्रवासिनीशी जो किळसवाणा प्रकार केला, तो वरच्या वर्गातच घडला. प्रश्न भाड्याचा नाही. बंद डब्यात शेजारी बसलेल्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, हा प्रश्न आहे. बारमध्ये न जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, शेवटची गाडी सोडण्याचे नाही.

हे सर्वांत जास्त जाणवते ते बायकांना. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, शाळकरी मुलींना पास मोफत आहे. सरकारने तिकिटाचा अडसर काढला; पण संध्याकाळच्या गाडीत बाटली फिरते असा बोभाटा झालेली वाट असली, की घरचे मुलीला तिकीट फुकट असूनही पाठवत नाहीत. एका बाकावरची ती बाटली सरकारची सवलत पार निकामी करते, आणि त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या बसमध्ये झालेल्या बलात्काराच्या घटनेनंतर आगारातल्या भंगार बसगाड्यांत दारूच्या बाटल्या सापडल्या, तेव्हा महाराष्ट्र हादरला. उभ्या गाडीची झडती त्यानंतर झाली. धावत्या गाडीची व्हायची आहे.

सरसकट दारूबंदीच का नको, असे विचारणारे इथे असणार, आणि गाडगेबाबा व तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात तो प्रश्न यावाच. पण शेंडगावच्या गाडगेबाबांनी सुरुवात आपल्याच घरच्या बारशापासून केली: जातीचा रिवाज मोडून दारू-मटणाला नकार दिला आणि पाहुण्यांना गोड जेवण वाढले. एक जागा, एक प्रसंग निवडून तिथे रिवाज मोडायचा, ही ती रीत. शेजारच्या वर्ध्याचा पन्नास वर्षांचा अनुभव बघता कागदी सरसकटपणापेक्षा मला हीच रीत जास्त खात्रीची वाटते.

अंमलाचे ओझे वाहकावर येईल, हा आक्षेप मात्र खरा आहे. विनावाहक गाड्यांत तर माणूसच नाही. म्हणून वाहकाचे काम एवढेच असावे: उघडी बाटली दिसली की ती बंद करून काढून घेणे, तिकीट यंत्रावरच दंडाची पावती देणे, आणि हुज्जत झाली तर पुढच्या थांब्यावर निरोप देणे. ना रक्त, ना पंचनामा. रेल्वेत १३९ हा क्रमांक आहे; एसटीत तसा एक क्रमांक प्रत्येक बाकामागे रंगवायला खर्च येत नाही. दंड न भरणाऱ्याला ३५५व्या कलमाच्या धर्तीवर बसस्थानक झाडायला लावावे. पाचशे रुपये विसरले जातात, गावच्या स्थानकावर हातात आलेला झाडू विसरला जात नाही. सुरुवात सगळ्या राज्यात नको. धारणीकडच्या आणि अकोल्याहून अकोट-तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या सहा महिन्यांसाठी घ्याव्यात. आणि जप्त बाटल्या मोजत बसू नये. महिलांच्या अर्ध्या तिकिटाची नोंद यंत्रात होतच असते; संध्याकाळी सहाच्या पुढच्या फेऱ्यांत ती तिकिटे वाढली की नाही, एवढे विभाग नियंत्रकांनी दर महिन्याला जाहीर करावे.