पांढुर्ण्याचे दप्तर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



पांढुर्णा म्हटले की परक्यांना एकच गोष्ट आठवते. ती म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव, आणि पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी दोन्हीकडून होणारा दगडांचा वर्षाव! या प्रथेचे मूळ विचारावे, तर कोणी पळून जाणाऱ्या प्रेमी युगुलाची कथा सांगतो, कोणी भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाची. त्या एका दिवसाची बातमी सर्वत्र छापली जाते. परंतु वर्षभर कापूस वेचणाऱ्या, संत्र्यांच्या बागा राखणाऱ्या या गावाची विचारपूस कोण करतो?

या गावाचा इतिहास लिहिलाच गेला नाही, असे मात्र नव्हे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. पुढे १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. या स्थित्यंतरांत गावाने कसे दिवस काढले, हे घरोघरच्या चोपड्यांत उतरत होते. बी-बियाणे कोणी उसने नेले, मजुरी धान्यात किती दिली, विहिरीला पाणी केव्हा लागले, हे सारे त्यांत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि माळ्यावर मोडी, अशी तीन पिढ्यांची ताटातूट झाली.

या उपेक्षेत आमचाही वाटा आहे. वडिलोपार्जित घर विकताना माळ्यावरचे चार रुमाल आम्ही रद्दीत घातले. मोडी वाचता येत नव्हती, म्हणून कागद निरुपयोगी ठरविले. पुढे काकूंनी सांगितले, "अरे, मामंजींनी संत्र्याच्या पहिल्या कलमांचा हिशेब त्यातच तर ठेवला होता!" त्या दिवसापासून संत्रे सोलताना मन अपराधी होते.

इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांनी वाचविलेल्या कागदांमुळे राज्यांचा इतिहास उजळला. शेतांचा आणि बाजारांचा इतिहास वाचविणे आता आपल्या हाती आहे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. रुमाल सापडला तर त्यातील कागदांचा क्रम मोडू नये. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. प्रथम यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत. जुन्या फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहावीत. वडीलधाऱ्यांना बोलते करून त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. आणि आपल्या मंडळात निदान चार तरुणांनी मोडी शिकावी.

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. उद्या त्याचा इतिहास कोणीतरी लिहावयास घेईल. आपण साधने पुरविली नाहीत, तर त्यात गोटमारीखेरीज काय उरेल?

येत्या पोळ्याला ज्यांना गावी जाणे होईल, त्यांनी बैलांना ओवाळून झाल्यावर एकदा माळ्यावर चढावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.