कच्चे आतडे आणि आईचे दूध



जंतू म्हटले की रोग, अशी आपली समजूत असते. परंतु जन्मताच बाळाच्या आतड्यात जंतूंची वस्ती होऊ लागते आणि त्यातील पुष्कळसे बाळाचे राखणदार असतात. आईच्या दुधात काही विशिष्ट साखरा असतात. त्या बाळाला पचत नाहीत, त्यांवर हे राखणदार पोसतात. निसर्गाने त्यांचाही डबा भरून दिला आहे म्हणा ना!

मात्र सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचे आतडे कच्चे असते. तेथे उपद्रवी जंतू माजले की आतडे सुजते, सडते, प्रसंगी त्याला भोक पडते. डॉक्टर या रोगास 'एन.ई.सी.' म्हणतात. पोट फुगणे, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, बाळ मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर मानपाड्यातून तडक मोठे रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

डब्याच्या दुधावरील अशा बाळांना हा रोग अधिक होतो. म्हणूनच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झालेल्या मातृदुग्धपेढीचे मोल आम्हांस फार वाटते. आशियातील ती पहिली पेढी. अशा पेढीत मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. ते कोणत्या जातीच्या आईचे, हे बाळाचे आतडे विचारीत नाही.

आता घुटीविषयी. आजीबाई रागावतील, पण मध, गूळपाणी, घुटी यांतून बाहेरचे जंतू थेट पोटात जातात. पहिले सहा महिने आईचे दूधच द्यावे, पाणीसुद्धा नको.

काही भगिनी विचारतात, चांगले जंतू औषधातून द्यावेत काय? ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या बाळांना आठवडाभर चांगले जंतू व त्यांचे खाद्य दिले. त्यांच्यात गंभीर जंतुसंसर्ग वा मृत्यू ५.४ टक्के, तर इतरांत ९ टक्के आढळले. पण ती बाळे किमान दोन किलो वजनाची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत असे जंतू रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली दिला. तेव्हा दुकानातून पुडी आणून परस्पर पाजू नका. दूध उतरत नसेल तर परिचारिकेकडून हाताने दूध काढण्यास शिकावे, आणि तोवर पेढीचे दूध मिळेल काय, हे डॉक्टरांना विचारावे.