हळदीची दुसरी सकाळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितले. माझे आयुष्य औषधांच्या दुकानात काउंटरमागे गेले, म्हणून असेल. मी दारूवर बोलणार आहे. पण 'दारू सोडा' म्हणायला उभा नाही. कधी घ्यायची नाही, एवढेच सांगतो.

आपल्या जासईत हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. रात्रभर बेंजो वाजतो, पाहुण्यांना आग्रह होतो. दुसरीकडे, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून आपल्या भागातल्या कितीतरी घरांची चूल ट्रेलर आणि कंटेनरवर पेटते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. म्हणजे रात्री हळद आणि पहाटे स्टेअरिंग, असे आपल्या पोरांचे होते.

'झोप झाली, उतरली' असे आपण म्हणतो. हिशेब मात्र वेगळा आहे. तीस मिलीचा एक छोटा पेग शरीराबाहेर जायला ढोबळमानाने एक तास लागतो. एका क्वार्टरमध्ये असे सहा पेग. रात्री नऊला सुरुवात करून दोन क्वार्टर घेतल्या, तर सकाळचे नऊ वाजतात; काहींना त्याहूनही जास्त वेळ लागतो. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, पण रक्तातली दारू कमी होत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. पण दंडाचे सोडा, समोरून दुचाकीवर येणारा आपल्यापैकीच कुणाचा तरी मुलगा असतो.

आता आपल्या वयाचे बोलतो. निम्म्या वर्गाच्या खिशात गोळ्या आहेत. झोपेच्या गोळीवर दारू घेतली, तर श्वास मंदावतो. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना, त्यात उपाशीपोटी घेतली, तर साखर एकदम उतरते. माणूस बरळतो, घामाघूम होतो आणि लोक म्हणतात, 'चढलीय, झोपू दे त्याला.' तिथेच जीव जातो. अशा वेळी साखर तपासा. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या, नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको. गरोदर लेकीसुनांना तर घोटभरही नको. आणि विसर्जनाला खाडीत उतरणाऱ्याने आधी मुळीच घेऊ नये. पट्टीचा पोहणाराही अंदाज चुकतो.

आणखी एक. जो रोज भरपूर पितो, त्याची दारू घरच्यांनी एका दिवसात बंद करू नये. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच सोडवावी.

आपल्या बॅचपुढे माझा एक प्रस्ताव आहे. यापुढे आपल्या घरच्या हळदीत मानाचे एक काम वाढवू या. नवऱ्या मुलाच्या मामाने मांडवाच्या दारात बसायचे आणि पिणाऱ्यांच्या गाड्यांच्या चाव्या जमा करायच्या. ज्याची पहाटे ड्युटी आहे, त्याला आग्रह करायचा नाही. त्याच्या ताटात मटण जास्त वाढा, ग्लास तेवढा पाण्याचा ठेवा. मामाला नाही म्हणायची हिंमत आपल्याकडे कुणाची होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.