इच्छामरण : इच्छा कोणाची?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या बेळगावात अनेक पिढ्यांना शब्द नेमका वापरायला शिकविले. त्या शिकवणीच्या आधारानेच मी आजचा विषय मांडणार आहे. मी वैद्य नाही, विधिज्ञही नाही. जन्मभर मराठी शिकविलेला माणूस आहे. परंतु दयामरण आणि इच्छामरण यांविषयीच्या वादातील निम्मा गोंधळ शब्दांचा आहे, अशी माझी धारणा आहे, आणि तो निस्तरण्याचा थोडासा अधिकार भाषेच्या शिक्षकालाही असतो.

‘इच्छामरण’ म्हटले की आपल्याला भीष्म आठवतात. शंतनूने त्यांना तसा वर दिला होता. शरपंजरी पडल्यावर त्याच क्षणी देह ठेवणे त्यांना शक्य होते. त्यांनी उत्तरायणाची वाट पाहिली आणि त्या अवधीत युधिष्ठिराला राजधर्म सांगितला. मरणावरच्या सत्तेचा उपयोग त्यांनी जगणे लांबविण्यासाठी केला, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

आज या एकाच शब्दाखाली निदान चार वेगळ्या कृती येतात. शुद्धीवर असलेल्या रुग्णाने उपचार नाकारणे, ही पहिली. बरे होण्याची आशा न उरलेल्या, बोलू न शकणाऱ्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबविणे, ही दुसरी. डॉक्टरांनी औषध लिहून द्यावे आणि रुग्णाने ते स्वतः घेऊन जीवन संपवावे, ही तिसरी. डॉक्टरांनीच सुई टोचून मरण आणावे, ही चौथी. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून तिसरीला मुभा आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून तिसरी आणि चौथी दोन्ही कायद्याच्या चौकटीत आहेत. आपल्याकडे पहिल्या दोन विहित अटींवर मान्य आहेत. शेवटच्या दोन गुन्हा ठरतात. ‘इच्छामरणाला तुमचा पाठिंबा आहे का?’ असे कोणी विचारले, तर ‘यांपैकी कोणत्या?’ हाच प्रतिप्रश्न योग्य होय.

आपली परंपरा अशा मरणाला अनुकूल आहे, असे प्रतिपादन नेहमी केले जाते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जीवितकार्य संपल्यावर अन्न व औषध वर्ज्य केले आणि २६ फेब्रुवारी १९६६ रोजी देह ठेवला. निराशेपोटी केलेली आत्महत्या आणि कृतार्थतेने केलेले आत्मार्पण यांतील भेद त्यांनी आपल्या लेखनातून मांडला होता. विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला याच रीतीने निरोप घेतला. आपल्याच जिल्ह्यातील भोज गावचे जैन आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने हे व्रत बेकायदा ठरविले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

या तिन्ही उदाहरणांविषयी मला आदर आहे. तथापि त्यांत एक समान सूत्र आहे. जाणारी व्यक्ती शुद्धीवर होती, स्वतः बोलत होती आणि तिचा निर्णय दुसऱ्या कोणाला घ्यावा लागला नाही. अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेल्या माणसाची स्थिती नेमकी उलटी असते. तो बोलत नाही. बोलतात ते मुलगे, सुना, डॉक्टर आणि कधी कधी रुग्णालयाचे बिल. म्हणून प्रायोपवेशनाचा दाखला तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

अरुणा शानभाग यांची कहाणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये एका सफाई कामगाराने केलेल्या हल्ल्यात तिच्या मेंदूला इजा झाली आणि पुढली बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात खाटेवर होती. लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या मुक्ततेसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी मात्र ती जगावी, आम्ही तिला सांभाळू, असा आग्रह धरला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. पण उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार थांबविण्याची वाट प्रथमच मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना करुणा होती. एकीची करुणा ‘सोडवा’ म्हणत होती, दुसरीची ‘सांभाळू द्या’ म्हणत होती. नव्हता तो फक्त अरुणाचा स्वतःचा शब्द. दयामरणात दया दुसऱ्याची असते, इच्छामरणात इच्छा आपली असावी लागते. आणि ती वेळेवर बोलून ठेवली नाही, तर उरते ती केवळ दुसऱ्याची दया. मला आज जे सांगायचे आहे, त्याचा गाभा हाच.

कायद्याने ही गोष्ट हळूहळू ओळखली. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घटनाबाह्य ठरविले. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा विचार फिरविला : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मात्र नैसर्गिक मृत्यूपर्यंत सन्मानाने जगणे त्या हक्कात येते, असेही त्याच पीठाने नमूद केले. त्या बीजातून ९ मार्च २०१८ चा निकाल उगवला. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. त्यावेळची न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट जाचक होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती शिथिल झाली आणि दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे एकापाठोपाठ एक मत देतात; प्रत्येकाने ते शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत द्यावे, असे अपेक्षित आहे. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून पायंडा घातला. आपल्या कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ रोजी अंमलबजावणीचे परिपत्रक काढले.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे. श्वसनयंत्र काढून माणसाला हळूहळू जाऊ देणे जर मान्य, तर क्षणात वेदना संपविणारी सुई अमान्य का? उलट तीच अधिक दयाळू नव्हे काय? तर्कशास्त्राच्या दृष्टीने मला या आक्षेपाचे वजन जाणवते. परंतु कायदा समाजात राबतो. जिथे आजारपणात घरदार विकावे लागते, वृद्ध विधवेला ‘आपला भार होतो’ हे रोज न बोलता ऐकवले जाते, तिथे आज दिलेला पर्याय उद्या अपेक्षा बनू शकतो. ‘मला जाऊ द्या’ या वाक्यात इच्छा किती आणि लाचारी किती, हे कोणते मंडळ मोजणार? म्हणून चौथी वाट आपल्याकडे आज उघडू नये, असे माझे मत आहे. या मताची किंमत काही रुग्णांना असह्य यातनांच्या रूपाने मोजावी लागते, याची मला जाणीव आहे. ती जाणीव असल्यामुळेच पुढचा मुद्दा मला टाळता येत नाही.

मरणाची मागणी करणाऱ्या अनेकांना खरे तर वेदनेपासून सुटका हवी असते. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणेही दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी झाली. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. केरळने २००८ मध्ये या शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण आखले आणि गावोगावच्या स्वयंसेवकांना त्यात गुंतविले. वेदना शमविण्याची सोय नसताना दिलेले मरणाचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत कितीतरी डॉक्टर आहेत. या भागात अशी सेवा वाढविण्याचे काम त्यांनी मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती आपणां सर्वांना, विशेषतः माझ्या वयाच्या मित्रांना. मृत्युपत्रात आपण सोने कोणाचे, घर कोणाचे हे तपशिलाने लिहितो. स्वतःच्या देहाविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. मग रुग्णालयात मुलांपुढे बहुधा इंग्रजी कागद येतो आणि ती थरथरत्या हाताने सही करतात. पुढे आयुष्यभर ‘आपण घाई केली का? उशीर केला का?’ हा सल त्यांना छळतो. तो सल आपल्या चार वाक्यांनी हलका होऊ शकतो. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधी ज्या भाषेत आपण घरी बोलतो त्या भाषेत लिहावे. रीतसर दस्तऐवज त्यावरून करावा. आणि लिहिण्यापूर्वी घरातल्यांशी बोलावे. हा विषय अशुभ मानून दडपण्याइतका लहान नाही.

जीवनाची किंमत आणि मरणाची प्रतिष्ठा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. दोहोंचा मान राखायचा, तर वाणी शाबूत आहे तोवर बोलले पाहिजे.