आपलें ताट आणि बाजारची पुडी
(बोईसर येथें कामगार स्त्रीपुरुषांच्या सभेंत एका आहारतज्ज्ञ भगिनीनें केलेलें भाषण)



वजन कमी कसें करावें, यावर मीं आज चार शब्द बोलावे अशी आपली आज्ञा आहे. विषय ऐकून मागें बसलेल्या कांहीं मंडळींना नवल वाटलें असेल. ज्या पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याचीं मुलें अन्नावांचून दगावतात, जेथें 1992-93 सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं घातली, त्याच जिल्ह्यांत पोटाचा घेर उतरविण्याच्या गोष्टी करणें म्हणजे श्रीमंताची चैन नव्हे काय? हा प्रश्न मला मान्य आहे. म्हणूनच पहिल्यानें त्याचेंच उत्तर देतें. डोंगरांतील मुलाची हाडें दिसतात आणि कारखान्यांतील त्याच्या काकाचें पोट सुटतें, हीं दोन दुखणीं दिसायला उलटीं आहेत. पण मूळ एकच आहे. दोघांच्याहि ताटांत पोट भरणारा जिन्नस आहे, अंग धरणारा जिन्नस नाहीं.

आपल्या डोळ्यांदेखत हें ताट बदललें आहे. 1969 सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें. पुढें बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. रसायनांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने आले. देशोदेशींचा कामगार येथें खोल्या करून राहूं लागला. 2013 सालीं मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली आणि पहांटे घर सोडून रात्रीं परतणाऱ्यांची संख्या वाढली. पूर्वीं जो माणूस दिवसभर भातखाचरांत वांकत होता किंवा होडी ओढीत होता, तो आतां आठ तास यंत्रापुढें उभा राहतो अगर खुर्चीवर बसतो. कष्ट बदलले, पण भाताचा ढीग तसाच राहिला. त्यांत फलाटावरचा वडापाव, पाळीच्या सुट्टींतील फरसाण आणि दिवसाचे सहा चहा यांची भर पडली.

आतां कोणी म्हणेल, "ताई, मी तर किडकिडीत आहें, मला काय भीति?" त्यानेंच नीट ऐकावें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. त्यांना दिसलें कीं आपलीं बाळें विलायतेंतील बाळांपेक्षां वजनानें लहान, मांसानें उणीं, पण चरबीनें तितकींशी उणीं नाहींत. 2004 सालीं त्यांनीं आपलें स्वतःचें व जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टराचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन एकसारखें. पण इंग्रजाच्या अंगांत चरबी शेंकडा 9 आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगांत शेंकडा 21! म्हणजे वरून बारीक आणि आंतून लठ्ठ, असें आपलें शरीर आहे. म्हणून मधुमेह आपल्याकडे लवकर येतो आणि सडपातळ माणसालाहि सोडीत नाहीं.

तेव्हां वजनकांट्याच्या आधीं एक दोरी घ्या. तुमच्या उंचीएवढी कापा. तिची बरोबर निम्मी घडी करून बेंबीजवळ कमरेभोंवतीं घाला. टोंकें मिळालीं तर ठीक. मिळालीं नाहींत तर सावध व्हा. मोजपट्टी असेल त्यानें लक्षांत ठेवावें कीं पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटर व स्त्रीचा 80 सेंटिमीटर यांच्या आंत असावा. या परीक्षेला पैसा पडत नाहीं आणि डॉक्टरहि लागत नाहीं.

आतां ताटाकडे वळूं. ताटाचे मनानें चार भाग करा. दोन भाग भाजी व कोशिंबीर, एक भाग भात किंवा भाकरी, आणि एक भाग डाळ, उसळ, मासळी, अंडें यांपैकीं कांहीं. आपल्या घरांत याच्या उलट असतें: तीन भाग भात, वर पातळ आमटी आणि लोणच्याची फोड. भात सोडा असें मी सांगत नाहीं. ज्या जिल्ह्यांत वाडा कोलम पिकतो तेथें असें सांगणारा शहाणा नव्हे. पण दोनदां वाढून घेतां तो एकदां घ्या, आणि दुसऱ्या वाढीची जागा डाळीला व भाजीला द्या.

आणि तांदूळ फार पांढरा करूं नका. 1890 च्या सुमारास जावा बेटांत आइकमन नांवाच्या डच डॉक्टराला आढळलें कीं पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळतांच पुन्हा उभ्या राहतात. या शोधासाठीं त्याला 1929 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जो कोंडा आपण गिरणींत सोडून येतों, त्यांत जीव होता!

येथें मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. नाचणी, वरई, सुकट, रानभाजी हें गरिबाचें, खालच्या जातीचें खाणें, अशी एक लाज आमच्या डोक्यांत पिढ्यान्‌पिढ्या भरली गेली. नोकरी लागली कीं माणूस पहिल्यानें नाचणीची भाकरी सोडतो. शेजारीण येईल म्हणून सुक्या बोंबलाचा वास झांकतो. ही लाज कोणाच्या फायद्याची आहे? शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तितक्याच दुधांत सुमारें 120. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलांत सुमारें 60 ग्रॅम प्रथिनें असतात. आज तीच नाचणी रंगीत डब्यांत घालून मुंबईच्या दुकानांत चढ्या भावानें विकली जाते, तेव्हां ती एकदम प्रतिष्ठित होते! धान्याला जात नसते. जात असते ती पाहणाराच्या डोळ्यांत.

सातपाटीचें पापलेट व्यापारी घेऊन जातो, जाऊं द्या. मांदेली, बोंबील, जवळा यांनीं अंग भरण्यांत कांहीं कमी पडत नाहीं. मात्र मासळी तळून नव्हे, कालवणांत खावी. आणि खारवलेली असेल तर पाण्यांत भिजत घालून, धुऊन घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडीं आदिवासी भगिनी शेवळें, टाकळा, कुरडू टोपलींत घेऊन बसतात. त्यांच्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नका. दारांतला शेवगा नुसता शेंगांसाठीं ठेवूं नका, त्याचा पालाहि खा. घोलवडचा चिकू गोड असतो. मधुमेह्यानें तो टोपलीवर नव्हे, अर्ध्या फळावर थांबवावा.

आतां थोडा हिशेब करूं. सहा चहा, प्रत्येकीं दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला बारा चमचे, पन्नास ग्रॅमच्या घरांत साखर नुसत्या चहांतून गेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ती पंचवीसच्या आंत असेल तर बरें. दोन चहा करा आणि चमचा एक करा, झालें. तेल माणशीं दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमच्या आंत असावें. म्हणजे चार माणसांच्या घरांत महिन्याला तीन-साडेतीन किलो. महिन्याचें तेल एकदांच आणून ठेवा आणि तें कितव्या तारखेला संपतें तें पाहा. तुमचें पोट कां वाढलें याचें उत्तर तो डबा देईल. मीठ माणशीं पांच ग्रॅम, म्हणजे त्याच घराला महिन्याला सहाशें ग्रॅम, आणि यांत पापड, लोणचें, फरसाण यांतलेंहि मीठ धरावें लागतें.

रात्रपाळीच्या बांधवांस वेगळें सांगतें. कामावर जाण्यापूर्वीं नीट जेवून जा. मध्यरात्रीं भूक लागली तर भिजवलेले चणे, शेंगदाणे, उकडलेलें अंडें, ताक असें कांहीं डब्यांत असूं द्या, भजी नव्हेत. सकाळीं घरीं येऊन पोट तुडुंब भरून झोंपूं नका. आणि झोंप पुरी घ्या, कारण अपुरी झोंप भूक वाढविते. दारू आणि ताडी यांचा हिशेब निराळा देत नाहीं. दारूच्या एका ग्रॅमांत सात कॅलरी असतात, साखरेंत चार, एवढें सांगितलें म्हणजे पुरें. वर तिच्याबरोबर जें तळलेलें येतें तें वेगळेंच!

उपवासाचें नांव निघालें कीं आपल्याकडे "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण खरी होते. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्ठ. तो तुपांत परतून वर बटाटा घातला तर त्यांत उपवास कोठें राहिला? देवासाठीं करायचा असेल तर ज्याची त्याची श्रद्धा. पण वजनासाठीं म्हणून तो करूं नका.

दोन वेळाच जेवा, हा डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं गांवोगांव नेला. ऋजुता दिवेकर घरचें, मोसमाचें व आपल्या मुलखाचें खा असें सांगतात. या दोहोंत आपण पक्ष घेऊन भांडत बसूं नये. मधल्या वेळचें तोंड हलविणें थांबवा आणि पुड्यांतलें सोडून घरचें खा, एवढें दोघांपासून घेतलें तरी बहुतेकांचें काम होतें. परंतु ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ मोडूं नये. साखर एकाएकीं उतरून जिवावर बेततें.

आणि "महिन्यांत दहा किलो" म्हणणाऱ्या पुडीवाल्यांपासून सावध राहा. आठवड्याला अर्धा किलो उतरणें चांगलें. त्याहून फार झपाट्यानें उतरलें तर चरबीबरोबर मांसहि झडतें, पित्ताशयांत खडे होण्याची भीति वाढते, आणि पुडी संपतांच वजन परत येतें. 2025 सालापासून आठवड्याला टोंचून घेण्याचीं नवीं इंजेक्शनेंहि आपल्या देशांत मिळूं लागलीं. तीं डॉक्टराच्या देखरेखीचीं औषधें आहेत, मैत्रिणीच्या सल्ल्यानें घेण्याचा खाऊ नव्हे. पगारांतले हजारों रुपये डब्यांत घालण्यापेक्षां त्यांतून डाळ, अंडीं, भाजी आणा. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास झपाझप चाला. त्याला कोणी पावती फाडीत नाहीं.

शेवटीं भगिनींसाठीं, आणि त्यांच्या घरच्या पुरुषांसाठीं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 24 जादा वजनाच्या आणि शेंकडा 57 रक्तक्षयी आढळल्या. एकच बाई लठ्ठहि असते आणि रक्तानें रिकामीहि असते, हें कसें? ती सर्वांच्या शेवटीं जेवते म्हणून! मासळीचा तुकडा नवऱ्याला, अंडें मुलाला, आणि तिला उरलेला भात व टोपांतला रस्सा. वर उरलेलें फुकट जाऊं नये म्हणून तोहि भात तीच संपविते. ही पंगत मोडली पाहिजे. सर्वांनीं एकत्र बसावें आणि डाळ-मासळीचे वांटे सारखे करावे. माझ्या पदवींतलें कोणतेंहि औषध याहून गुणकारी नाहीं. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईनें, तसेंच वाढत्या मुलानें, वजन उतरविण्याचें नांव घेऊं नये. आदिवासी भागांत 2015 पासून अमृत आहार योजनेखालीं अशा मातांना अंगणवाडींत एक वेळचें चौरस जेवण मिळण्याची तरतूद झाली. तें जेवण ताटांत पडतें कीं कागदावर राहतें, हें पाहणें आपल्या सर्वांचें काम आहे.

बोईसरचें पोट आणि मोखाड्याचें पोट हीं एकाच जिल्ह्याचीं पोटें आहेत. उद्यांपासून आपल्या घरच्या पंगतीपासून सुरुवात करा, कारखान्याच्या उपाहारगृहांत वडापावाशेजारीं उसळ ठेवायला सांगा, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हा जमाल तेव्हां येतांना ती दोरी बरोबर आणा.