सूर्य बंद करता येत नाही
(वसतिगृह व्यवस्थापकांच्या बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मी विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. भाषणाची सवय नाही. पण आपल्या बहुतेक वसतिगृहांच्या छपरावर आता सौर पॅनेल आहेत, म्हणून एका लहानशा खटक्याविषयी बोलतो.

धडगाव भागातल्या एका वसतिगृहातली गोष्ट. भर दुपारी व्यवस्थापकांनी पॅनेल धुवायला घेतले. आधी खटका पाडायचा, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी तो पाडलाही. पण पेटीतून घूं घूं आवाज येऊ लागला, मग जळका वास. खटका खाली होता, तरी आत निळी ज्योत चालूच. पेटी वितळून भिंत काळी झाली. पाणी मारायला धावलेल्या मुलाला स्वयंपाकाच्या मावशींनी हाताला धरून मागे ओढले म्हणून बरे. शेवटी दोघांनी वर चढून पॅनेलवर जाड ताडपत्री टाकली, तेव्हा ज्योत विझली. पेटीच्या मागच्या खोलीत बावीस मुले झोपतात. त्या सामानाचे बिल तपासून सही केली होती ती मीच.

चूक काय झाली? पेटीत घरातला साधा एमसीबी होता. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही. ठिणगी एकदा पडली की तापलेल्या हवेतून ताणली जाते आणि जळत राहते. महावितरणचा मेन स्विच पाडून उपयोग नाही, कारण ऊन आहे तोवर पॅनेल वीज करणारच.

म्हणून खटका घेताना त्याचे अंग वाचा. नागमोडी रेघ असेल तर तो एसीचा, तो परत करा. डीसीला सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते. आयसोलेटरवर आयएस किंवा आयईसी ६०९४७-३ आणि डीसी-पीव्ही१ किंवा डीसी-पीव्ही२ असे लिहिलेले हवे. दुकानदार म्हणेल, "काका, सगळं सारखंच असतं." नसते.

आता व्होल्ट. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर 'व्हीओसी' असते. समजा ते ५० आहे आणि १० पॅनेल ओळीने जोडलेत, तर झाले ५००. पण हा आकडा २५ अंशांचा. थंडीत व्होल्ट वाढतात, साधारण अंशामागे ०.३ टक्के. तोरणमाळच्या बाजूला पहाटे ५ अंश असेल, तर ५०० चे ५३० होतात. म्हणजे ५०० व्होल्टचा खटका नेमका थंडीत अपुरा. मी सरळ १००० व्होल्टचा घ्या म्हणतो, मात्र काहींचे १००० हे चारही पोल कागदावरच्या आकृतीप्रमाणे जोडले तरच मिळतात. ती आकृती वायरमन फेकून देतो. ती पेटीच्या दारावर आतून चिकटवा. अँपिअरसाठी पट्टीवरच्या 'आयएससी'ची सव्वापट धरा. १३ असेल तर १६ चा पुरत नाही, वरचा घ्या.

काही डीसी एमसीबींवर अधिक-उणे छापलेले असते. ते उलटे जोडले तर ठिणगी विझवण्याची सोयच उलटी होते. दिसायला सगळे ठीक, आणि वेळेला दगा. याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते.

पेटी आयपी ६५ ची, सावलीत, शिडीशिवाय हात पोचेल अशी, पण मुलांच्या खोलीबाहेर. वायर खालून आत न्यावी, वरून नेली तर पावसाचे पाणी तिच्यासोबत आत येते. बंद करताना आधी इन्व्हर्टर, मग डीसी खटका. आणि पॅनेलच्या वायरींचे प्लग चालू विजेवर कधीही ओढू नका.

नवा आयसोलेटर चार-आठ चहाच्या बिलांइतका महाग पडला असेल, ते जाऊ द्या. मुलांनी पेटीशेजारी 'आधी इन्व्हर्टर' असे मराठीत आणि पावरीत रंगवले आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगले.

जेवणानंतर मी इथेच आहे. ज्यांनी आपापल्या पेटीचा फोटो आणला आहे त्यांनी दाखवा. ज्यांनी आणला नाही त्यांनी परत गेल्यावर दार उघडून काढा, झाकणाचा नको, आतल्या खटक्यावरची अक्षरे दिसतील असा.